रोडग्यांची परात आणि माझी कोपरं

माझ्या अंगात एकच कला आहे आणि ती सांगताना मी मुळीच लाजत नाही. रोडग्यांची कणीक माझ्यासारखी मळणारा माणूस धामणगाव बढ्यापासून रोहिणखेडपर्यंत शोधून दाखवा. मला गाणं येत नाही. सभेत बोलायला उभं केलं तर घाम फुटतो. मोटारपंप खोलला की जोडल्यावर दोन नट हातात उरतात. पण मोठ्या परातीपुढे गुडघे टेकून बसलो की मी कुणाला ऐकत नाही.

चंपाषष्ठीला आमच्या गावात खंडोबाच्या देवळापुढे सगळ्या गावाचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, होतात. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगत. त्या दिवशी स्वयंपाक गड्यांनी करायचा, बायकांनी आयतं बसून जेवायचं आणि नावं ठेवायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. कणीक जाडसर दळलेली हवी. त्यात तेलाचं मोहन, मीठ, ओवा आणि पाणी अगदी बेताचं. कणीक सैल झाली तर रोडगा गोवऱ्यांच्या विस्तवात बसतो. मळायला कमी पडली तर तो फुटतो आणि आत राख शिरते. फुटका रोडगा ज्याच्या पानात पडतो तो पहिला प्रश्न विचारतो, ‘परातीवर कोण होतं?’ मी होतो तेव्हा हा प्रश्न कुणाला विचारावा लागला नाही.

ही जागा मला आप्पांनी दिली. आप्पा म्हणजे देवळाची सगळी व्यवस्था बघणारे गावातले म्हातारे. माझे ते कुणी नातेवाईक नाहीत, पण गावात लहानथोर सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. तीसेक वर्षं ते स्वतः कणीक मळत. त्यांचा खांदा आखडला तेव्हा त्यांनी सगळ्या पंगतीसमोर मला हाताला धरून परातीपुढे बसवलं. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. पुढे बायको बघायला गेलो तर मुलीच्या मामाने विचारलं, “रोडगेवाला तो तूच काय बे?” मी मान ताठ करून “हाव” म्हणालो.

चट्टे पहिल्यांदा डोक्यात आले. कोंडा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग दोन्ही कोपरांवर आले, मग नडग्यांवर, मग पाठीवर. लालसर, जाड, आणि वर पांढरे पापुद्रे. खाजवलं की पापुद्रे निघायचे आणि सकाळी अंथरुणात मूठभर कोंडा सांडलेला असायचा. बायको चादर अंगणात नेऊन झटकायची, पण आधी दारातून डोकं बाहेर काढून गल्लीत कुणी नाही ना, ते बघायची. ते बघणं मला चट्ट्यांपेक्षा जास्त टोचायचं.

मेडिकलवाल्याने नायट्याचं मलम दिलं. पंधरा दिवसांत चट्टे दिसेनासे झाले. मी खूश होऊन त्याला भजी खाऊ घातली. मलम थांबवलं आणि महिनाभरात चट्टे दुप्पट होऊन परत आले. मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ सांगितली, कुणी करंजीचं तेल, कुणी गोमूत्र. मी सगळं केलं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: वांगं बंद.

आता माझं दीड एकर वांगंच आहे. वांग्यावर माझं घर चालतं. तरी सोडलं. सहा महिने तोंडात घातलं नाही. चट्टे जागचे हलले नाहीत. मग एके दिवशी चिडून तीन वांग्यांचं भरीत एकट्याने संपवलं. तेव्हाही ते हलले नाहीत. त्या दिवसापासून वांग्यावरचा आळ मी माझ्यापुरता काढून टाकला.

दुसऱ्या वर्षीची चंपाषष्ठी आली. सकाळी उजाडताच मी देवळात गेलो, साबणाने दोन वेळा हात धुतले आणि सवयीप्रमाणे बाह्या वर सारल्या. माझ्या तळव्यांवर एकही चट्टा नव्हता, कधीच नव्हता. पण कोपरं उघडी पडली. आप्पांनी पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं आणि सगळे अचानक गोवऱ्या रचण्यात गुंग झाले.

“बापू, तू यंदा पाण्याकडं पाह्य,” आप्पा म्हणाले.

“काऊन आप्पा?”

“काही नाही रे. हरसाल तूच असतं परातीवर. दुसऱ्यालेही शिकू दे.”

मी बाह्या खाली केल्या. माझ्या जागी जो बसला त्याने आधी डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना रगडला, फक्की मारली, हात पायजम्याला पुसला आणि सरळ कणकेत घातला. त्याचा हात चालला. मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरलो. एका म्हातारीने ग्लासावर आडवा हात धरला आणि तहान नाही म्हणाली. भरीत इतकं तिखट होतं की तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या वर्षी निम्मे रोडगे फुटले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर तो आनंद टिकला नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि रडलो. ज्या माणसाने हाताला धरून बसवलं त्यानेच उठवलं, हे गिळता येत नव्हतं. बायको शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “आवं, यंदा रोडगे लय फुटले म्हन्ते.” मी रडता रडता हसलो. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या परातीवर मी परत बसणार.

आता माझा मूर्खपणा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. बाजारात जडीबुटी विकणारा एक जण भेटला. त्याला मी म्हटलं, कातडीवर डाग आहेत. तो म्हणाला, दाखवा. भर बाजारात बाही वर करायची मला लाज वाटली. मी म्हटलं, दाखवायचं काय त्यात, डाग म्हणजे डाग. त्याने मला बावचीचं तेल दिलं. ते कोडाच्या पांढऱ्या डागांसाठी वापरतात, हे मला नंतर कळलं. देताना तो म्हणाला, “लावायचं अन् सकाळचं घडीभर ऊन घ्यायचं.”

घडीभर ऊन! आम्हा भाजीवाल्यांना ऊन कुणी कधी मोजून दिलंय? आमच्याकडे ऊन म्हणजे दिवस निघाल्यापासून बुडेपर्यंत जे असतं ते. घडीभराने चट्टा अर्धा जाणार असेल तर दिवसभराने पूर्ण जाईल, असा मी हिशेब केला. चैत्राचे दिवस होते. सकाळी अंगभर तेल चोपडलं आणि नुसत्या बनियनवर वांग्याच्या सऱ्यांतलं तण निंदायला बसलो. संध्याकाळपर्यंत निंदण पूर्ण झालं. मनात म्हटलं, एका दिवसात दोन कामं.

रात्री अंग भाजायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी हातापाठीवर फोड आले. पाण्याने टरारलेले. शर्ट घालवेना, टेकून बसवेना. मोताळ्याच्या डॉक्टरने पाहिलं आणि म्हणाला, “हे माझं काम नाही, बुलडाण्याला कातडीच्या डॉक्टरकडे जा.” बायको डोक्यावर ओला पदर धरून एसटीत माझ्या शेजारी बसली आणि सगळा राजूर घाट संपेपर्यंत माझ्याकडे पाठ करून होती.

बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. आधी त्यांनी मला झापलं. मग फोडांच्या मधला, कोपरावरचा एक जुना चट्टा बघितला आणि त्यावरून आपलं बोट फिरवलं, उघडं, हातमोजा न घालता. दोन वर्षांत बायकोशिवाय त्या जागी कुणी हात लावला नव्हता. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“हा सोरायसिस आहे,” त्या म्हणाल्या. “लागट नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. तुमचं शरीर कातडी गरजेपेक्षा घाईने तयार करतं, एवढंच.”

“वांग्यानं होते काय?” बायकोने विचारलं.

“नाही.”

मी बायकोकडे विजयी नजरेने बघितलं. ती म्हणाली, “अन् बावचीचं तेल लावून निंदल्यानं काय होते ते बी विचारा.”

मी विचारलं, “हे जाईल का?” त्या म्हणाल्या, “आटोक्यात येईल. पुन्हा डोकं वर काढेल, पुन्हा आटोक्यात आणू. कायमचं घालवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.” मी विचारलं, “चंपाषष्ठीपर्यंत येईल आटोक्यात?” त्यांनी कॅलेंडर उलटलं. मी तेवढीच तारीख का मागतो, ते त्यांना सांगावं लागलं. परात, आप्पा, पाण्याचा जग, सगळं सांगितलं. बाहेर लोक खोळंबले होते, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

फोड बरे झाल्यावर त्यांनी प्रकाशाचा उपचार सुचवला. मला वाटलं थट्टा करतात. उन्हाने भाजलेल्या माणसाला पुन्हा उजेडाचंच औषध? त्या म्हणाल्या, “तुम्ही माप न लावता ऊन घेतलं. आमच्याकडे माप आहे.”

ते यंत्र म्हणजे माणूस उभा राहील एवढं कपाट. आत चारी बाजूंनी उभ्या ट्यूबलाइट. कपडे काढून, लाज झाकण्यापुरती चड्डी ठेवून, डोळ्यांना काळा गॉगल लावून आत उभं राहायचं. पहिल्या दिवशी दार लागलं, पंखा घुमला, निळसर उजेड झाला. मी नीट उभा राहतो न राहतो तोच सगळं बंद झालं. मला वाटलं लाइट गेली. इथेही भारनियमन आहे वाटतं, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

“या बाहेर, झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“आजचं झालं.”

“मॅडम, घाट चढून आलो ना मी. थोडं तरी जास्त द्या!” भाजी घेणारी बाई वरून कोथिंबिरीच्या चार काड्या मागते, तसा मी उजेड मागत होतो. त्यांनी दिला नाही. आज काही सेकंद, पुढच्या वेळी थोडे जास्त, कातडी कशी वागते ते बघून. मी मनात चिडलो. एसटीत दीड तास, रांगेत एक तास आणि उजेड अर्ध्या मिनिटाचा. पण माझ्या पाठीवर बावचीचे काळे डाग होते, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

आठवड्यातून तीन वेळा, एकाआड एक दिवस. आषाढ गेला, श्रावण गेला. वांग्याची तोडणी बायकोने अंगावर घेतली. घाटात धुकं असायचं, गाडीचा वायपर किरकिरायचा आणि कंडक्टर मला बघून विचारायचा, “उजेडाले निघाले काय?” मी म्हणायचो, “हाव.” लपवायचं मी तिथेच सोडून दिलं. पापुद्रे मऊ करायचं मलम, डोक्याला डांबराच्या वासाचा शाम्पू, आंघोळीनंतर ओल्या अंगाला खोबरेल, हे सगळं न चुकता केलं. उपचाराच्या दिवशी शेतात जायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुमाल. चाळिशीला आल्यावर मी ऊन मोजायला शिकलो, आणि एकदा काम हातात घेतलं की ते मी नीट करतो. घाटात दरड कोसळल्याने गाडी अडली तो एक दिवस सोडला तर मी एकही फेरी चुकवली नाही.

आधी पापुद्रे थांबले. मग लाली उतरली. मग जाडी गेली आणि नुसत्या तपकिरी खुणा राहिल्या. दिवाळीच्या आधी एका सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. बायको चादर घेऊन बाहेर आली. गल्लीत चार बायका नळावर उभ्या होत्या. तिने डोकं काढून कुणाला बघितलं नाही. सरळ अंगणाच्या मध्यावर गेली आणि चादर दणादणा झटकली, गरज नसताना चार-पाच वेळा. चादरीतून काही पडलं नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि चहा थंड झाला.

चंपाषष्ठी आठ दिवसांवर आली तेव्हा आप्पा माझ्या शेतात आले. बांधावर उभं राहून त्यांनी माझे हात बघितले. उघडे, स्वच्छ.

“बरं झालं बाप्पा,” ते म्हणाले. “सकाळी लवकर ये. परातीवर तूच बसजो.”

याच शब्दांसाठी मी पाच महिने घाट चढलो होतो. आता हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

“आप्पा, हे परत येईन. डॉक्टरीणबाईनं सांगतलं हाये. आलं म्हंजे मंग काय? परत पाणी वाढायचं?”

आप्पा गोंधळले. “मंगचं मंग पाहू ना.”

“नाही आप्पा. मंगचं आत्ताच सांगा. हात माहे तेच हायेत. तेव्हाही हेच होते.”

त्यांनी वांग्याच्या एका पानावरची कीड चिमटीत धरून मारली आणि निघून गेले. मी त्या वर्षी परातीवर बसलो नाही. पण घरीही राहिलो नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, पंगतीच्या अगदी मधोमध जेवायला बसलो. गावात बोलणं झालं, बरा झाला तर माणसाला माज चढला. बायको म्हणाली, “ताठा पाहा ह्या माणसाचा.” मग माझ्या पानातला फुटका रोडगा उचलून तिने तिच्या पानातला बरा माझ्याकडे सरकवला.

पुढच्या वर्षी ते परत आलंच. उजेडाच्या फेऱ्या संपल्या होत्या, मलम चालू होतं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि दोन्ही कोपरांवर, मग मनगटापर्यंत, लाल चट्टे उठले. वाईट वाटलं, पण पहिल्यासारखी भीती वाटली नाही. पाहुणा ओळखीचा होता. मी बुलडाण्याची एसटी धरली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पुन्हा फेऱ्या सुरू करायचं ठरवलं आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, “तुमच्या गावचे एक आजोबा मागच्या हिवाळ्यात येऊन गेले. तुम्ही नंतर भेटलाच नाहीत, म्हणून सांगायचं राहिलं.”

“कोण आजोबा?” मी विचारलं.

“धोतर, टोपी. स्वतःच्या नावाने केसपेपर काढून दोन तास रांगेत बसले. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, मले काही होत नाही. सोरायसिस असलेल्या माणसानं गावाची कणीक मळली तर चालते काय, तेवढं सांगा. मी म्हटलं, चालते. ते म्हणाले, सगळ्या गावाची? मी म्हटलं, सगळ्या गावाची. पापुद्रे पडत असतील तर तेवढी जागा स्वच्छ कापडाने बांधा, बस. तर म्हणाले, कापड कोणतं?”

त्या हसल्या. मला हसता आलं नाही. ज्या खांद्याने परात सोडावी लागली तो खांदा घेऊन तो म्हातारा एसटीच्या दांड्याला धरून घाट चढला होता, आणि वर्षभर त्याने मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी त्याला मनात काय काय बोललो होतो, ते सगळं आठवलं.

चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी आप्पा बांधावर आले. मी मुद्दाम बाह्या वर केल्या.

“परात घासून ठेवली,” ते म्हणाले. “सकाळी ये.”

“हे दिसत नाही काय आप्पा?”

“दिसते ना. डोये फुटले काय माहे?”

मी गेलो. सगळे जमले होते. गोवऱ्या रचलेल्या, कणीक चाळलेली. मी साबणाने हात धुतले, दोन वेळा, आणि बाह्या खांद्यापर्यंत सारल्या. कुणी नजर वळवली, कुणी वळवली नाही. आप्पा पुढे आले. त्यांनी बंडीच्या खिशातून पांढऱ्या कापडाच्या चार पट्ट्या काढल्या. त्यांच्याच नव्या धोतराच्या होत्या, काठ ओळखू येत होता. उकळून, वाळवून, घडी घातलेल्या. सगळ्यांसमोर त्यांनी माझा हात धरला, मागे एकदा धरला होता तसाच, आणि कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळू लागले. त्यांची बोटं चट्ट्यावरून जात होती, आणि ते घाईही करत नव्हते.

“घट्ट झाली काय?”

“नाही आप्पा.”

“मंग बस.”

मागे तंबाखू मळून परातीवर बसलेला गडी हात पुढे करून मदतीला आला. आप्पा त्याला म्हणाले, “तू पहिले हात धू बे.” सगळे हसले. मी गुडघे टेकले आणि कणकेत हात घातले.

त्या वर्षी एकही रोडगा फुटला नाही.